घरची, शाळेची आणि तिसरी

थायलंड म्हटलं की आमच्याकडे बँकॉक आणि पट्टाया डोळ्यांसमोर येतं. मी शिकवते ते गाव त्या दोन्हींपासून लांब, देशाच्या ईशान्येला, ईसान नावाच्या पठारी भागात आहे. प्रांताचं नाव खोन केन. बँकॉकपासून साधारण साडेचारशे किलोमीटर. आजूबाजूला भात, ऊस आणि कसावा, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते पीक. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि जेवणात मिरची नसेल तर माणसं जेवल्यासारखी दिसत नाहीत. अमळनेरजवळच्या खेड्यात वाढलेल्या मला या हवेची आणि या तिखटाची वेगळी सवय करावी लागली नाही.

ईसानी माणसाबद्दल बँकॉकवाले कसं बोलतात, हे मला हळूहळू कळत गेलं. टॅक्सी चालवणारे, बांधकामावर राबणारे, हॉटेलात भांडी घासणारे पुष्कळ लोक इथूनच गेलेले. त्यांची बोली लाओसच्या भाषेला जवळची, आणि शहरात ती गावंढळ समजली जाते. शाळेतली भाषा मात्र मध्य थायलंडची, सरकारी, प्रमाण थाई. म्हणजे माझ्यासमोर बसणारं चार-पाच वर्षांचं मूल घरी ईसानी ऐकतं, शाळेत थाई शिकतं, आणि त्याच्यावर मी इंग्रजी घेऊन येते. तिसरी भाषा.

अहिराणी, मराठी, इंग्रजी. मीही याच क्रमानं शिकले. घरी 'आठे ये' आणि 'तठे जाय', शाळेत 'इकडे ये' आणि 'तिकडे जा'. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे ते माझ्या वाट्याला पहिलीपासून आलं. पण आलं ते फळ्यावरून वहीत उतरवायचं म्हणून. ते कुणी बोलत नव्हतं. चौथीपर्यंत मला इंग्रजी ही लिहायची गोष्ट वाटायची, चित्रकलेसारखी.

तिकडची शाळा मेच्या मध्याला सुरू होते. बालवर्गाला तिथं अनुबान म्हणतात, तीन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षाची मुलं पहिल्या आठवड्यात जे रडतात ते जगात सगळीकडे सारखंच असावं. 'मॅ' म्हणजे आई. तो एकच स्वर वर्गभर, तीस तोंडांतून. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात कापडी माकड घेऊन दारात उभी. माझ्याजवळ त्यांच्यासाठी एकही शब्द नव्हता. थाई येत नव्हती, ईसानी तर नाहीच, आणि माझं इंग्रजी त्यांच्या लेखी नुसता आवाज.

त्या आठवड्यात मी सर्वांत जास्त शिकले ती वर्गातल्या मदतनीस बाईंकडून. मुलांना सांभाळणाऱ्या अशा बाईला तिकडे 'फी लिआंग' म्हणतात. वय साठीकडे झुकलेलं, अनवाणी, कमरेला सुती लुंगी. शिक्षिका प्रमाण थाईत बोलायची, स्पष्ट आणि गोड. तरी एखादं मूल थांबेचना की या बाई त्याच्याजवळ खाली बसायच्या, त्याच्या गालाला पावडर लावायच्या आणि अगदी हळू काहीतरी म्हणायच्या. मूल हुंदके देत देत गप्प व्हायचं. काय म्हणाल्या, असं मी शिक्षिकेला विचारलं. ती हसली. काही विशेष नाही, ईसानीत बोलतात, म्हणाली. ती स्वतःही ईसानीच, फक्त वर्गात ती भाषा वापरत नव्हती. नंतर माझे कान तयार झाले आणि फरक ओळखू यायला लागला. नकाराला थाईत 'माय', ईसानीत 'बो'. चविष्ट म्हणजे थाईत 'अरॉय', ईसानीत 'सॅप'. जेवणाच्या वेळी मुलं आपापसांत 'सॅप' म्हणायची आणि शिक्षिकेनं विचारलं की 'अरॉय'. चार वर्षांच्या मुलाला कुठं काय बोलायचं हे इतकं नेमकं कळतं. मला ते पाहून आनंद झाला आणि वाईटही वाटलं, कारण एवढ्या लहान वयात आपली एक भाषा खिशात ठेवायला आम्हीही शिकलो होतो.

मग आलं ते गप्प राहणं. रडणं संपलं, मुलं हसायला-खेळायला लागली, पण इंग्रजी म्हणून तोंडातून काही निघेना. संस्थाचालक आणि पालक दोघांनाही ऐकायला हवं असतं. घरी जाऊन मुलानं काहीतरी म्हणून दाखवावं, एवढीच त्यांची अपेक्षा, आणि ती चुकीची नाही. पण नव्या भाषेत शिरणारं मूल आधी बराच काळ नुसतं ऐकतं. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मौनाच्या काळाबद्दल लिहिलं आहे. त्याआधी, १९६० च्या दशकात, जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आज्ञा आणि हालचाल यांच्या जोडीनं भाषा शिकवण्याची पद्धत मांडली होती. शिक्षक 'स्टँड अप' म्हणतो आणि स्वतः उभा राहतो, मुलं उभी राहतात. 'टच युवर नोज' म्हणतो, मुलं नाकाला बोट लावतात. बोलायची सक्ती नाही. शरीरानं उत्तर दिलं की पुरे. मी ते प्रशिक्षणात वाचलं होतं. वर्गात ते समोर घडताना बघणं फार वेगळं होतं.

एक मुलगी होती, खूप बारीक, केसांना दोन रबरं. ती सांगितलेलं सगळं करायची. उडी मार म्हटलं की उडी, वळ म्हटलं की वळायची, लाल चेंडू आण म्हटलं की नेमका लालच आणायची. बोलायची नाही. अनुबानमध्ये जेवणानंतर मुलं दात घासतात आणि पातळ गाद्यांवर झोपतात. त्या वेळी वर्गाबाहेर चपलांच्या मांडणीपाशी मला ती दिसली. वर्गात चपला घालून जायचं नाही हा तिकडचा रिवाज, त्यामुळे बाहेर मुलांच्या बुटांची रांग असते. तिनं दहा-बारा बूट समोर मांडले होते आणि त्यांना ती 'सी-दाऊन', 'सतान-अप' म्हणत होती, हात वर करून, मी करते तसा. एका बुटाला तिनं पुन्हा नीट बसवलं. मी पुढे गेले नाही. तिच्या शिक्षिकेलाही मी हे वर्गात नाही, संध्याकाळी सांगितलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला उभं करून कुणी म्हणायला लावणार नाही. वर्गात तोंड उघडायला तिला त्यानंतरही बरेच आठवडे लागले.

मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर इंग्रजी ठेवलं की ते लगेच बसतं, हे मला रंग शिकवताना उमगलं. शाळेनं दिलेल्या चित्रपत्त्यांत स्ट्रॉबेरी, इग्लू, बर्फातला माणूस असं सगळं होतं. पण थायलंडमध्ये प्रत्येक वाराला रंग असतो: सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार केशरी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. सोमवारी शिक्षक पिवळा सदरा घालून येतात, आणि मुलांना हे बोलता यायच्या आधीपासून माहीत असतं. मग मीही वारानुसार कपडे घालू लागले. बाजारातून स्वस्तातले सात रंगांचे सुती शर्ट घेतले. दारात पाऊल टाकलं की मुलं माझ्या शर्टाकडे बोट दाखवायची, मी रंगाचं नाव घ्यायची, ती मान डोलवायची. पुढे पुढे मी नाव घ्यायच्या आधीच मागच्या रांगेतून यायला लागलं.

फळांना तर मी आमचं खानदेशच नेलं. मामांची केळीची बाग रावेरकडे आहे. कापणीच्या वेळचे फोटो फोनमध्ये होते: घड खांद्यावर घेतलेली माणसं, मळ्याच्या बांधावर उभा ट्रक, पानांवर मांडलेल्या फण्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्या मुलांना सांगून काय उपयोग. पण केळीचं झाड त्यांच्या प्रत्येकाच्या परसात असतं. फोटो बघताच वर्गभर 'क्लुआय, क्लुआय' झालं, आणि त्या गलक्यातच मी 'बनाना' टाकला. दुसऱ्या तासाला एक मुलगा घरून पाच-सहा पिटुकली केळी घेऊन आला. कैरीचंही तसंच. कैरीच्या फोडी मीठ-तिखट लावून खाणं तिकडे जितकं घरचं आहे तितकंच आमच्या अंगणातलं. आंबट शब्द शिकवायला मला चित्र लागलं नाही, कैरी लागली आणि तीस वाकडी तोंडं.

आता उच्चारांबद्दल. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी 'स' उच्चारला जात नाही, तिथं 'त' येतो. शेवटच्या 'ल'चा 'न' होतो. म्हणून 'बस' ही 'बत' होते आणि 'बॉल' हा 'बॉन'. शब्दाच्या सुरुवातीला 'स'ला जोडून दुसरं व्यंजन आलं की मध्ये स्वर शिरतो, त्या मुलीच्या 'सतान-अप'सारखा. परदेशातून आलेले काही शिक्षक यावर वैतागतात आणि मुलाला पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणायला लावतात. मला ते बघवत नाही. आमच्याकडे घरी 'ळ'चा 'य' होतो. केळीला आम्ही केयी म्हणतो, डोळ्याला डोया, काळ्याला काया. पहिलीत 'केयी' म्हणणाऱ्या मुलाला उभं करून 'केळी म्हण, केळी' असं घोकून घेतलेलं मी पाहिलं आहे. वर्ग हसला होता. तो मुलगा पुढे वर्गात फार बोलला नाही. म्हणून 'बत' ऐकलं की मी 'हो, बस! लाल बस!' म्हणून योग्य उच्चार माझ्या वाक्यात परत देते आणि पुढे जाते. कान तयार झाला की जीभ आपसूक येते. नाही आली तरी 'बत' म्हणणाऱ्याला बस मिळतेच.

एक गोष्ट मी इथं स्पष्ट लिहिते, कारण आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली आता बाहेर शिकवायला जायचा विचार करतात. नोकरीसाठीचा नॉन-बी व्हिसा, वर्क परमिट, पदवी, पोलिसांचा दाखला, इंग्रजीच्या परीक्षेतले गुण, हे सगळं जमवता येतं. जड जातं ते दुसरंच. शिक्षक हवेत अशा जाहिरातींत इंग्रजी मातृभाषा असलेलाच पाहिजे, असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. तेच काम आणि तेवढेच तास असूनही गोऱ्या माणसाचा पगार जास्त, हे मी स्वतः एका ठिकाणी ऐकलं आणि ती नोकरी घेतली नाही. फिलिपिन्सचे शिक्षक तिकडे मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्यातल्या एकीनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, 'पालकांना महिनाभर दे.' तसंच झालं. मूल घरी जाऊन रंग सांगायला लागलं की पालक रंग विचारत नाहीत. आणि मला मनापासून वाटतं की इंग्रजी ज्यानं बाहेरून, कष्टानं मिळवली आहे, त्याला मूल कुठं अडतं हे आतून माहीत असतं. ज्याला ती जन्मतः मिळाली त्याला ते मुद्दाम शिकावं लागतं.

जूनमधल्या एका गुरुवारी 'वाय क्रू' असतो, शिक्षकांना वंदन करण्याचा दिवस. त्याबद्दल वाचलं होतं, पण तबकात काय असतं हे माहीत नव्हतं. मुलांनी केळीच्या पानाचे द्रोण करून आणले होते. त्यांत लाल एक्झोराची फुलं, सुईसारख्या कळ्यांची, बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी म्हणून. दूर्वा, म्हणजे ज्ञान तसं भराभर पसरावं म्हणून. भाताच्या लाह्या. आणि वांग्याचं फूल. वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं, म्हणून ते नम्रतेसाठी. भरिताच्या मुलखातली मी, हिवाळाभर वांगी बघत वाढलेली. ते फूल कुणी कुणाला वाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलं गुडघ्यांवर सरकत येतात, हात जोडून कपाळ टेकवतात. त्या दोन रबरांच्या मुलीनं द्रोण माझ्या हातात दिला आणि आपलं तबक बरोबर आहे ना हे बघायला मान वर केली. आमच्या अमळनेरला शिक्षक म्हटलं की साने गुरुजींचं नाव निघतंच. १९२४ ते १९३० या काळात ते इथल्या शाळेत शिकवत होते, आणि आजही घराघरांत त्यांची आठवण निघते ती त्यांच्या मायेमुळे. त्या गुरुवारी मला ते फार जवळचं वाटलं.

थायलंडच्या अगदी दक्षिणेला, मलेशियाच्या सीमेजवळ, पाटानी मलय बोलणारी मुलं आहेत. तिथं महिदोल विद्यापीठानं मुलांना आधी त्यांच्या घरच्या भाषेत शिकवायचं आणि तिथून पायरीपायरीनं थाईकडे न्यायचं, असा उपक्रम वर्षानुवर्षं चालवला. त्याला २०१६ साली युनेस्कोचं किंग सेजोंग साक्षरता पारितोषिक मिळालं. त्या मुलांची थाईसुद्धा सुधारली. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात आपला मुलूख आहे. २०११ च्या जनगणनेत आपली भाषा खानदेशी, म्हणजे अहिराणी धरून, सांगणारे १८ लाखांहून जास्त लोक होते, आणि विचारल्यावर मराठी सांगणारे आणखी किती तरी असणार. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल मुलांचं तर मराठीशीच नातं परकं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा वापरावी असं लिहिलं आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाईंचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिलं गेलं. त्यांच्या ओव्या त्यांच्या बोलीत आहेत, त्यातल्या 'य'सकट. ज्या बोलीला विद्यापीठाच्या कमानीवर मान मिळाला तिला पहिलीच्या वर्गात बसायला जागा मिळावी, एवढं मागणं मला जास्त वाटत नाही.

तिकडची मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत. त्यामुळे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी घरी असते, आणि हे माझं मोठं सुख आहे. सासुरवाशिणी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले, गौराई बसलेली. यंदा मी झोक्यावरची गाणी नव्या कानांनी ऐकली. मोठ्या बाया ओळ म्हणतात आणि तीन-चार वर्षांच्या पोरी फक्त ओळीचं शेपूट धरतात, शेवटचे दोन सूर. आधी टाळी येते, मग शेवट, मग मधले शब्द, आणि अर्थ तर कधी तरी लग्नानंतर. एकाही पोरीला कुणी मध्येच थांबवून 'पूर्ण ओळ म्हण' असं म्हटलं नाही. आमच्या आज्या-पणज्या हे असं शिकवत आल्या आहेत आणि मी ते परदेशात पुस्तकातून वाचत होते.

गावातल्या अंगणवाडीत मी काही सकाळी बसले. सेविका ताई माझ्याच वयाच्या. त्या मुलांशी अहिराणीतच बोलतात आणि मला बघून एकदम पुस्तकी मराठीत शिरल्या. मी मध्ये अहिराणीत काहीतरी विचारलं, मग त्या मोकळ्या झाल्या. आम्ही मिळून उडी मार, बस, ऊठ, नाक दाखव हा खेळ तिन्ही भाषांत घेतला, एकेका दिवशी एकेक. सगळ्यांत मोठ्यांदा हसू अहिराणीच्या दिवशी आलं, आणि इंग्रजीच्या दिवशी मुलं घाबरली नाहीत, कारण खेळ माहीत होता.

शेजारच्या वहिनींचा मुलगा पाच वर्षांचा. त्याला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात घालावं की नाही, हे मला विचारायला त्या तीनदा येऊन गेल्या. 'घरमा तं अहिराणीच बोलतस आम्ही,' असं त्या अपराध असल्यासारखं म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, ते चांगलंच आहे, ते बंद करू नका. माध्यम कुठलंही घ्या. पण पैसे भरायच्या आधी वर्गात एक दिवस बसू देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तर आहे. त्यांनी थोडा विचार केला.

'पह्यले जाईसन देखसू, मंग फी भरसू,' म्हणाल्या. मग काय काय बघायचं ते लिहून दे म्हणाल्या. मी व्हॉट्सॲपवर पाठवलं, अहिराणीतच: बाई मुलांजवळ खाली बसून बोलतात का, सगळा वेळ लिहायलाच लावतात की पोरांचे हातपायही हलतात, न बोलणाऱ्या मुलाला गप्प राहू देतात का, आणि पोरानं घरच्या भाषेत पाणी मागितलं तर बाई आधी पाणी देतात की शब्द सुधारतात.